कडेचं रबर

नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात. साच्यातली हवा बाहेर जावी म्हणून जी भोकं ठेवलेली असतात, त्यांत थोडं रबर शिरतं आणि तिथंच थिजतं. नखानं ओढलं तर ते तुटतं, एरवी रस्ताच घासून नेतो. संगमेशच्या मोटारसायकलच्या मागच्या टायरवर मधल्या भागात असा एकही केस उरला नव्हता. तिथं तीन बोटं रुंदीचा पट्टा पाटासारखा सपाट झाला होता आणि नक्षी जवळजवळ पुसली गेली होती. दोन्ही कडांना मात्र अंगठ्याएवढ्या पट्टीत केस जसेच्या तसे उभे होते.

स्वप्नालीनं त्यातला एक नखानं उडवला.

"ताई, वळणात गाडी कलवून मी गुडघा टेकवतो," संगमेश सांगत होता. "मला सगळ्यात मऊ रबर पाहिजे. रेसवाले वापरतात तसलं."

"गुडघा टेकवता? कुठं, मंदिरात?"

आत ट्यूबला ठिगळ लावत बसलेला चंद्रप्पा फिस्सकन हसला. गल्ल्यामागे बसलेल्या सिद्धरामअप्पांनाही हसू आलं, पण गिऱ्हाइकासमोर त्यांनी ते मिशीत दाबलं. संगमेश नांदेडला दातांचा डॉक्टर होता, घर लातूरचं. दर शनिवारी ही लालभडक, पुढं वाकून बसायची गाडी घेऊन तो घरी यायचा आणि सोमवारी परत जायचा.

"टायर बोलतोय सगळं," स्वप्नाली म्हणाली. "मधलं संपलं, कडेचं कोरं. म्हणजे गाडी सरळच चालते, आणि जोरात चालते. मऊ रबर रस्त्याला चिकटतं हे खरं. पण चिकटतं म्हणजे रोज थोडं थोडं रस्त्यावर ठेवून येतं. सरळ रस्त्याला त्या चिकटण्याचा तुम्हाला काही उपयोग नाही, नुसतं रबर जाणार."

"मग कडक टाका."

"कडक लई टिकेल. पण अहमदपूरच्या पुढं डोंगरात वळणं लागतात, तिथं पाऊस असला तर ते तुम्हाला धरणार नाही." तिनं रॅकवरचा एक टायर ओढून काढला. "याचं मधलं रबर कडक आहे आणि कडेचं मऊ. सरळ जाताना कडक घासतं, गाडी कलली की मऊ खाली येतं. रेसवाल्यांइतकं धरत नाही, आणि जीपच्या टायरइतकं टिकतही नाही. तुमच्या रस्त्याला मात्र हेच बरोबर."

अप्पा ऐकत होते. लातुरात नांदेड रस्त्यावर त्यांनी हे दुकान टाकलं, तेव्हापासून गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न एकच असायचा, टिकल किती? औशाच्या, किल्लारीच्या जीपवाल्यांना ते छातीठोकपणे सांगायचे आणि त्या शब्दाला टायर जागायचा. सिद्धरामअप्पाकडचा टायर लई टिकतो, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. त्यांची पोरगी स्वप्नाली मात्र आधी दुसरंच विचारायची. जाता कुठं? कोणत्या रस्त्यानं? मागं कोण बसतं? टिकण्याची गोष्ट ती शेवटी काढायची. आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईक तेवढ्या वेळात गप्प बसून तिचं ऐकून घ्यायचं.

स्वप्नाली नांदेडला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवत होती. आठवडा संपला की तिच्या निळ्या मोटारसायकलवरून लातूरला यायची आणि कपडे बदलून थेट दुकानात उतरायची. दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी तिनं हात पुसता पुसता विचारलं होतं, "अप्पा, दुकान मला द्याल का? चालवायला. कायमचं." अप्पा म्हणाले होते, "बघू." तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि अप्पांनीही विषय काढला नाही. पोरगा असताना पोरीला दुकान? उद्या तिचं लग्न झालं म्हणजे? टायरच्या दुकानात बाई माणूस बसणार, समाजातले काय म्हणतील? ही सगळी कारणं त्यांनी स्वतःलाच सांगून पाहिली होती. त्यातलं एकही त्यांना धड पटत नव्हतं आणि एकही सुटत नव्हतं.

थोरला रविकिरण हैदराबादला नोकरीत. त्याला टायरांत रस नव्हता, पण बापाच्या गुडघ्यांची काळजी होती. त्यानंच मोबाइलच्या शोरूमवाली एक पार्टी शोधली. जागा भाड्यानं द्यायची, अप्पांनी आरामात घरी बसायचं. दसऱ्याचा मुहूर्त साधायचा म्हणून ती माणसं खंडेनवमीला दुपारी दुकानी येणार होती. त्या दुपारी हो किंवा नाही म्हणावंच लागणार होतं. दुकान बंद झालं तर स्वप्नालीचं विचारणंही त्याच्याबरोबर संपणार, हे अप्पांना कळत होतं. तरी रविकिरणलाही ते फोनवर म्हणाले होते, "ये तर खरं. बघू."

खंडेनवमीला दुकानाचा एक रिवाज होता. टायर उतरवायचं यंत्र, जॅक, पाने, पहारी धुऊन मांडायच्या, त्यांना विभूती आणि झेंडू वाहायचा. मग गिऱ्हाइकांनी आपापल्या गाड्या आणायच्या आणि अप्पांनी स्वतःच्या हातानं टायरांना काळं लावायचं. त्याचा पैसा घ्यायचा नाही. पूर्वी ते काजळी आणि खोबरेल तेल घोटून लावायचे. आता बाटलीतलं पॉलिश आलं होतं, पण त्यातही अप्पा चमचाभर तेल घालायचेच. तेलानं रबराला तडे जात नाहीत, टायर टिकतो, असा त्यांचा ठाम विश्वास. रांग लागायची. जीपवाले म्हणायचे, "अप्पा, हात चांगला चोळून लावा, साल चांगलं जाऊ दे."

त्या सकाळी रांगेत संगमेशही होता. नवे टायर आठवड्यापूर्वीच बसवले होते. अप्पांनी त्याची गाडी स्टँडवर चढवली आणि चाक फिरवत फिरवत फडक्यानं काळं लावलं. बाजूला लावलं, मध्ये लावलं, कडांनाही लावलं. लाल गाडीखाली ती दोन काळी चाकं आरशासारखी दिसू लागली.

"अप्पा, नवरदेव केला की गाडीचा!"

"मग? जा सावकाश."

"दुपारी नांदेडला पेशंट आहे. शरणार्थ!" संगमेशनं हात जोडून निरोप घेतला.

तो गेला आणि थोड्याच वेळात स्वप्नालीची निळी गाडी दुकानासमोर येऊन थांबली. तिनं हेल्मेट काढलं, यंत्राला नमस्कार केला, आणि वाटीतलं काळं फडकं पाहून जागच्या जागी थांबली.

"संगमेश आत्ता नाक्यावर भेटले. हात केला त्यांनी. अप्पा, त्यांच्या टायरला हे लावलं?"

"हाव. मस्त चमकलं."

"कुठं लावलं? फक्त बाजूला?"

"पूर्ण. अर्धं लावून सोडतो का मी?"

"अजून कुणाच्या मोटारसायकलला?"

"त्याचीच एक होती. बाकी सगळ्या जीपा. काय झालं?"

तिनं आवाज चढवला नाही. रांगेतली माणसं ऐकत होती, म्हणून ती अप्पांच्या जवळ आली. "जीप कलत नाही, अप्पा. मोटारसायकल कलते. सरळ रस्त्यावर मधलं तेल दोन-चार किलोमीटरात निघून जाईल. त्यांना वाटेल, गाडी झकास धरतेय. पण कडेला रस्ता लागतच नाही, तिथलं तेल तसंच राहणार. डोंगरातल्या पहिल्या वळणात गाडी कलली की ते तेल खाली येईल."

अप्पांनी काळ्याची वाटी बाजूला सारली. इतकी वर्षं त्यांनी शेकडो चाकांना काळं फासलं होतं, पण ही कडेची गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी आली नव्हती. अशा गाड्याच पूर्वी कुठं होत्या?

फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. गाडी चालवणारा माणूस फोन कुठून उचलणार?

"मी जाते," स्वप्नाली म्हणाली.

"मी बी येतो."

"तुम्ही?"

"लावलं मी, आन् येऊ न्हाई?"

चंद्रप्पा आतून ओरडला, "अप्पा, ती गाडी हाय का घोडा! मागं बसायला जागा तरी हाय का?" पण तोवर अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली होती आणि खुंटीवरचं जादा हेल्मेट चढवलं होतं.

मागची सीट उंच आणि वीतभर लांबीची. अप्पांना वाटलं, आपल्याला कुणी माळवदाच्या कठड्यावर बसवलंय.

"एकच सांगते," ती पुढून म्हणाली. "मी कलले की माझ्याबरोबर कला. घाबरून उलटं सावरू नका. तुम्ही उलटे झुकलात तर मला गाडी जास्त कलवावी लागते."

आयुष्यभर त्यांनी जीप हाकली होती. जीप वळली की माणूस आपोआप दुसऱ्या बाजूला रेटला जातो, अंगाला तीच सवय. पहिल्या वळणाला त्यांनी तेच केलं. गाडी किंचित डुलली. स्वप्नालीनं डाव्या हातानं त्यांच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं. पुढच्या वळणाला अप्पांनी डोळे मिटले, तिच्या खांद्याच्या रेषेत आपला खांदा नेला आणि गाडीबरोबर कलले. काही वेडंवाकडं झालं नाही. तांब्यातलं पाणी भांड्यात ओतावं तशी गाडी वळणात उतरली आणि तशीच वर आली. त्यांनी डोळे उघडले.

मग ते बघत राहिले. ती ब्रेक कधी दाबते ते त्यांना कळतच नव्हतं. ट्रक दिसायच्या आधीच तिचा वेग कमी झालेला असायचा. तिची नजर चाकाजवळ नव्हती, पार लांब, रस्ता जिथं झाडांत शिरतो तिथं होती. खड्डा आला की ती सीटवरून जराशी उठायची आणि धक्का अप्पांपर्यंत अर्धाच पोचायचा. वेग बराच होता, पण त्यात घाई नव्हती. लहानपणी हिला हवेचा दाब बघायला शिकवलं होतं, एवढंच आपण शिकवलं. बाकीचं हिनं कुठून आणलं, असं त्यांना वाटून गेलं. आणि वाटलं ते अभिमानासारखं होतं, पण बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती.

चाकूर मागं पडलं आणि पुढं लाल ठिपका दिसला.

"तोच हाय! हाक मार त्याला!"

स्वप्नालीनं हेडलाइट उघडझाप केला. ठिपका क्षणभर थांबल्यासारखा वाटला, आणि मग पुढं वाकून सुसाट सुटला. आरशात निळी गाडी बघून संगमेशला वाटलं, ताई शर्यतीला बोलावतेय.

अप्पा कळवळले. "अगं गाठ त्याला! जल्दी कर!"

तिनं उलट केलं. ॲक्सिलरेटरवरचा हात सैल सोडला. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली. लाल ठिपका लांब जाऊ लागला.

"कामून हळू करून राहिलीस?"

"मी पळवलं की ते पळवतात, अप्पा. पुढं अहमदपूर, मग डोंगर. मागं कुणी नाही दिसलं की माणूस आपसूक हात सोडतो."

अप्पा तिच्या खांद्यावरून पुढं बघत होते. सगळं अंग म्हणत होतं पुढं जा, आणि ही मागं राहत होती. पण तिच्या पाठीत जराही ताठरपणा नव्हता. गावं आली, गेली. एका चढावर पोचल्यावर त्यांना दिसलं की खाली लाल गाडी खरंच निवांत चालली आहे. आता स्वप्नालीनं अंतर हळूहळू कमी केलं. हेडलाइट नाही, हॉर्न नाही. थोडं जवळ गेल्यावर ती म्हणाली, "तुमचं उपरणं दाखवा त्यांना."

अप्पांनी एका हातानं तिचा खांदा धरला आणि दुसऱ्या हातानं खांद्यावरचं पांढरं उपरणं सोडून वाऱ्यावर फडकवलं. संगमेशनं आरशात पाहिलं. मग मान वळवून पाहिलं. रेसच्या गाडीवर धोतर नेसलेला, हेल्मेट घातलेला म्हातारा उपरणं फडकवतोय, हे दृश्य बघून त्याला हसू आवरेना. त्यानं गाडी एका चहाच्या हॉटेलसमोर घेतली.

"अप्पा! पळून जाऊन राहिले का काय कुणासोबत?"

अप्पा उतरले. स्वप्नालीनं काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "डॉक्टर, टायरला बोट लाव. मध्ये न्हाई, कडेला."

संगमेश उकिडवा बसला. मधला पट्टा राखेसारखा फिका होता, रस्त्यानं पुसलेला. कडा मात्र सकाळच्याच चकाकत होत्या. त्यानं बोट फिरवलं आणि वर धरलं. ते काळं आणि तेलकट झालं होतं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. अहमदपूरच्या पुढची वळणं त्याच्या डोळ्यांपुढं आली असावीत.

"मी लावलं," अप्पा म्हणाले. "टिकावं म्हणून लावलं. मला कळलं न्हाई."

संगमेशनं बोट रुमालाला पुसलं. मग म्हणाला, "ताईनं रबर दिलं आन् तुम्ही त्याला लोणी लावलं, अप्पा." आणि तो पुन्हा हसला.

हॉटेलवाल्या मावशीकडून भांड्याचा साबण, नारळाची शेंडी आणि बादली मिळाली. स्वप्नाली आणि अप्पा दोघंही बसून घासू लागले. धोतराचा सोगा ओला झाला. घासता घासता अप्पा हळूच म्हणाले, "दुकानात, सगळ्यांसमोर बोलली असतीस तरी चाललं असतं मला."

"मला नसतं चाललं."

"चुकलं होतं माझं."

"तुम्ही टायर टिकावा म्हणून बघत होतात. ते बघायलाच पाहिजे, अप्पा. उद्यापासून फक्त बाजूला लावू. आणि त्यात तेल नको, रबर उलट लवकर खराब होतं. रस्ता लागतो तिथं तर हातच लावायचा नाही."

रस्त्यापलीकडं उसाच्या वजनकाट्याचं डांबरी आवार होतं. गाळप अजून सुरू व्हायचं होतं, त्यामुळे ते पार मोकळं होतं. टायर पुसून कोरडे केल्यावर स्वप्नालीनं संगमेशकडं किल्ली मागितली.

"साबणानं वरचं गेलं. राहिलेलं रस्त्यालाच काढू दे. पण हळू."

तिनं लाल गाडी आवारात नेली आणि आठाचा आकडा काढायला सुरुवात केली. आधी मोठा आणि सैल, गाडी जेमतेम कललेली. प्रत्येक फेरीला ती केसभर जास्त कलायची, त्याहून जास्त नाही. अप्पा कुंपणाला टेकून उभे होते. रस्त्याला टेकणारी पट्टी मधल्या रबराकडून कडेकडं किती सावकाश सरकतेय, हे ते आता बघू शकत होते; सकाळी कुणी सांगितलं असतं तरी कळलं नसतं. एकदा मागचं चाक तसूभर सरकलं. अप्पा कुंपणापासून पुढं झाले. तिनं काहीच केलं नाही, म्हणजे दचकली नाही, ब्रेकला हात घातला नाही. गाडीला स्वतःहून जागेवर येऊ दिलं आणि पुढची फेरी जराशी उभी काढली. मग पुन्हा हळूहळू खाली. घाबरून सोडून देणं नाही आणि हट्टानं रेटणंही नाही. रबर जेवढं धरतंय तेवढंच ती मागत होती आणि ते जास्त देऊ लागलं की जास्त घेत होती.

"ताई कुठं शिकल्या हे?" संगमेशनं विचारलं. त्याचा तो गुडघा टेकवणारा आवाज पार गेला होता.

"मला बी तेच कळून न्हाई राहिलं," अप्पा म्हणाले.

शेवटी ती थांबली. टायरवर तळहात ठेवून ऊब पाहिली, कडेला बोट फिरवलं आणि ते बोट संगमेशला दाखवलं. कोरडं होतं. कडेचा चकाकता पट्टा फिका पडला होता आणि रबराचे केसही गेले होते.

"पहिल्या वळणांना तरी जपून जा. आणि मागं गाडी दिसली की पळवायचं नाही."

"न्हाई पळवत, ताई. शपथ." त्यानं वाकून अप्पांना नमस्कार केला आणि अगदी शाळकरी पोरासारखा सरळ बसून निघून गेला.

मावशीनं दोन चहा आणले. स्वप्नालीच्या कोपरापर्यंत साबण आणि काळं लागलं होतं. ती कपाची ऊब दोन्ही हातांत धरून रस्त्याकडं बघत होती. अप्पांचा फोन वाजला. हैदराबादहून आलेला रविकिरण दुकानातून बोलत होता.

"अप्पा, कुठं आहात तुम्ही? ती माणसं येऊन बसलीत. काय सांगू त्यांना?"

अप्पांनी मांडीवरचं हेल्मेट बाजूला ठेवलं. खिशातली टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर घातली. स्वप्नालीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली. दोन वर्षं ती अशीच वळवत आली होती. अप्पांनी हे कधी नीट पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

"रवी, तू माझी काळजी करतोस ते मला कळतं. त्यांना चहा पाज, पानसुपारी दे, आन् हात जोडून सांग, जागा द्यायची न्हाई." ते थांबले. पलीकडून काही विचारलं जायच्या आत त्यांनी आवाज जरा चढवला, कारण हे फोनमधल्या माणसापेक्षा शेजारच्या बाकावरच्या माणसाला ऐकू जायला हवं होतं.

"दुकान स्वप्नाली चालवणार हाय. तिचं हाय ते, आजपासून."